सातबारा आणि सात-सात-सात

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे ही अनुदिनी इतकी ओस पडली होती की नाशिकच्या वहिनींनी "अहो, तुम्ही बरे आहात ना?" असं विचारलं. बरा आहे. फक्त चिडलेलो आहे. राग निवल्यावर लिहावं असं म्हणतात, पण राग निवला की मी लिहीतच नाही हा माझा जुना अनुभव. म्हणून आज गरम तव्यावरच पोळी टाकतो.

विषय थोडा तांत्रिक आहे. पण नातेवाईक मंडळींनो, लगेच पळू नका. सातबारा ज्याला वाचता येतो त्याला हे सगळं कळेल, आणि आपल्या घरात सातबारा न वाचता येणारा माणूस शोधून सापडायचा नाही. :-)

गोष्ट आमच्या खापरची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका. अक्कलकुवा सोडून अंकलेश्वरच्या रस्त्याला लागलात की गुजरातची हद्द यायच्या आधी खापर येतं. एका बाजूला सातपुडा, दुसऱ्या बाजूला गुजरात, आणि मधे बाजारपेठ. डोंगरातून माल खाली उतरतो, इथे तोलला जातो आणि पुढे जातो. आमचूर, भगर, मोहाची फुलं, मिरची. आंब्याच्या दिवसांत डोंगराकडच्या पाड्यांवर गेलात तर छपरावर, खडकावर, जिथे ऊन पडेल तिथे कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या दिसतील. बायका दिवसच्या दिवस विळ्यावर बसून कैऱ्या सोलतात, चिरतात. बोटं आंबटाने सोलवटतात. आणि मग ते आमचूर व्यापारी सांगेल त्या भावाने जातं.

माझ्या भाच्याच्या डोक्यात आलं की हे आमचूर थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकू. त्याच्या आईच्या, म्हणजे आमच्या ताईच्या ओळखीतला एक महिला बचत गट तयार झाला. पोरगा हुशार आहे, बीसीए झालेला. त्याने ठरवलं की दुसऱ्याच्या बाजारात गाळा घ्यायचा नाही, आपलं स्वतःचं दुकान जालावर उघडायचं. मला फोन आला, "मामा, ओपनकार्ट टाकू का?" मी म्हटलं, टाक की! फुकट आहे, चांगलं आहे, आणि दुकान तुझ्या नावावर राहील. तेव्हा मी कामात होतो. "अडलं तर फोन कर" एवढं बोलून मोकळा झालो. इथे माझी चूक झाली, ती आधीच कबूल करतो.

तो अडला. पण मामाला त्रास कशाला द्यायचा म्हणून त्याने जिथे जागा भाड्याने घेतली होती त्या होस्टिंगवाल्यांच्या मदत क्रमांकावर फोन केला. (नाव लिहीत नाही. नावात काही नाही, कारण हा सल्ला तुम्हाला दहांपैकी सात ठिकाणी मिळेल.) अडचण साधी होती. सॉफ्टवेअर बसवताना पडद्यावर लाल अक्षरात यायचं की अमुक फाईलमध्ये लिहिता येत नाही, तमुक फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. फोनवरच्या माणसाने अर्ध्या मिनिटात उपाय सांगितला: "सगळ्याला ७७७ देऊन टाका."

दिलं. लाल अक्षरं गेली, हिरवी आली. २०२४ च्या जूनमध्ये दुकान उघडलं. मीही दोन किलो मागवलं. कौतुकाने चार जणांना दुवा पाठवला.

ऑगस्टमध्ये नाशिकच्या वहिनींचा फोन. "भावजी, आमचूर मागवत होते. पैसे भरायचा तो चौकोन मोबाईलवर धरला तर नाव भलतंच येतंय. ताईंच्या गटाचं नाव तर असं नाही ना?"

नव्हतं. दुकानाच्या पानावर यूपीआयच्या क्यूआर कोडचं जे चित्र होतं ते कुणीतरी बदललं होतं. तस्संच काळं-पांढरं, तेवढ्याच आकाराचं, फाईलचं नावही तेच. फक्त पैसे दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यात जात होते. गिऱ्हाईक पैसे भरायचं, पावतीचं चित्र पाठवायचं, ते पाहून भाचा माल पाठवायचा. गटाचं पासबुक अध्यक्षताईंकडे. बँकेचे संदेश त्यांच्या साध्या फोनवर, आणि त्यांच्या पाड्यावर रेंज यायची तर टेकडीवर चढावं लागतं. एकोणीस दिवस कुणालाच पत्ता नाही. एकतीस ऑर्डरी. चौदा हजारांच्या वर रक्कम. मालही गेला, पैसाही गेला. भाचा फोनवर एवढंच म्हणाला, "मामा, बायांना काय सांगू?"

चौदा हजार म्हणजे पुण्यात एखाद्याचा फोनही येत नाही. पण ते कैऱ्या चिरणाऱ्या बोटांचे चौदा हजार होते. म्हणून मी चिडलोय.

आता तांत्रिक भाग. सातबारा काढा.

संगणकावरच्या (म्हणजे लिनक्स जातीच्या सर्व्हरवरच्या, आणि जालावरची बहुतेक दुकानं तिथेच असतात) प्रत्येक फाईलचा एक सातबारा असतो. त्यावर तीन रकाने. पहिला मालक. दुसरा गट, म्हणजे भाऊबंद म्हणा. तिसरा इतर. आपल्या सातबाऱ्यावर कसं, भोगवटादाराचं नाव असतं आणि बाजूला कुळ आणि इतर अधिकार असतात, तसंच. आता प्रत्येक रकान्यात काय हक्क दिला ते एका आकड्यात लिहितात. वाचायचा हक्क ४, लिहायचा म्हणजे बदलायचा हक्क २, आणि चालवायचा हक्क १. (फोल्डरच्या बाबतीत हा १ म्हणजे आत शिरायचा हक्क.) बेरीज करायची. ६ म्हणजे वाचणं अधिक लिहिणं. ५ म्हणजे वाचणं अधिक शिरणं. ७ म्हणजे सगळं.

झालं! एवढंच आहे. युनिक्स ही प्रणाली बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि मंडळींनी बनवली. तिची पहिली पुस्तिका १९७१ च्या नोव्हेंबरातली, आणि हे हक्क बदलायची 'सीएचमॉड' नावाची आज्ञा त्या पहिल्या पुस्तिकेतसुद्धा होती. म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी गोष्ट. आपल्याकडच्या कित्येक शाळांच्या इमारतींपेक्षा जुनी.

तर ७५५ लिहिलेलं फोल्डर म्हणजे मालकाला सगळे हक्क, बाकीच्यांनी आत यावं, बघावं, पण काही हलवू नये. ६४४ लिहिलेली फाईल म्हणजे मालकाने वाचावी-लिहावी, बाकीच्यांनी नुसती वाचावी. आणि ७७७? मालकाला सगळं, गटाला सगळं, आणि त्या यंत्रावरच्या वाटेल त्या इतराला सगळं. बांधावरून जाणाऱ्याने यावं, नांगर धरावा, हवं ते पेरावं, उभं पीक कापून न्यावं, आणि जाताना आपण लावलेला दगड उचलून दुसरीकडे ठेवावा. सगळं कायदेशीर! कारण सातबाऱ्यावर आपणच तसं लिहून दिलंय.

मग प्रश्न येतो की मुळात लाल अक्षरं का आली? फाईली भाच्याच्या, जागा भाच्याने भाड्याने घेतलेली, आणि त्याचंच सॉफ्टवेअर म्हणतंय की मला लिहिता येत नाही. असं कसं?

कारण लिहिणारा भाचा नसतोच. भाच्याने फाईली चढवल्या त्या स्वतःच्या खात्याने, म्हणून त्यांचा मालक तो. पण गिऱ्हाईक दुकानात येतं तेव्हा पानं तयार करून देतो तो वेब सर्व्हर, आणि तो वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असतो. कुठे त्याचं नाव 'अपाची', कुठे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा', आणि कित्येक ठिकाणी चक्क 'नोबडी'. म्हणजे 'कुणीच नाही'! भाच्याच्या सर्व्हरवर तेच होतं. हा श्रीयुत कुणीच-नाही मालकही नाही, भाऊबंदही नाही, तो तिसऱ्या रकान्यातला 'इतर'. त्याला लिहायचा हक्क नाही म्हणून लाल अक्षरं. कुलूप बिघडलं नव्हतं. कुलूप आपलं काम करत होतं.

मदतीवाल्याने काय केलं, तर कुलूप उघडत नाही म्हणून दार चौकटीसकट काढून ठेवायला सांगितलं. आणि वाईट गोष्ट ही की स्वस्तातल्या होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर शेकडो भाडेकरू असतात. त्या सगळ्यांची दुकानं तोच श्रीयुत कुणीच-नाही चालवत असेल, तर वेगळी बंदिस्ती केली नसल्यास त्याला लिहू देणं म्हणजे शेजारच्या शेकडो दुकानांतल्या कुठल्याही भुरट्या स्क्रिप्टला लिहू देणं. आपण एका गड्याला किल्ली दिली असं वाटतं, आणि प्रत्यक्षात त्या नावाचे शेकडो गडी असतात.

मी सर्व्हर उघडून पाहिला तेव्हा बदललेल्या चित्राचा मालक भाचा नव्हता. मालक: नोबडी. मूळ चित्र भाच्याने स्वतःच्या खात्याने चढवलेलं होतं. म्हणजे त्याचा पासवर्ड चोरून कुणी नवं चित्र ठेवलेलं असतं तर मालक भाचाच दिसला असता. कुणीतरी वेब सर्व्हरच्या वाटेने शिरलं, जुनं चित्र पुसलं, नवं ठेवलं. शेजारच्या दुकानातून आलं की आपल्याच दुकानातल्या एखाद्या जुन्या भोकातून, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. सगळी दारं उघडी असली की चोर कुठल्या दाराने आला हा प्रश्नच फिजूल होतो. पोलिसात तक्रार दिली, १९३० वरही नोंदवली. पुढचं पुढे.

आता माझं खरं भांडण.

"सगळ्याला ७७७ देऊन टाका" हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकतोय. जर्मनीत २००० साली सुरू झालेलं ओएसकॉमर्स आलं, त्यातून फुटून झेन कार्ट आलं, २००८ मध्ये मॅजेंटो आलं, मग ओपनकार्ट, वूकॉमर्स. सॉफ्टवेअरं बदलली, हा सल्ला बदलला नाही. ओएसकॉमर्स तर बिचारं इतकं प्रामाणिक होतं की त्याची मुख्य मांडणीची फाईल उघडी राहिली तर दुकानाच्या माथ्यावर इशारा छापायचं की या फाईलमध्ये मला लिहिता येतंय, हा धोका आहे. आणि लोक काय करायचे? तो इशाराच बंद करायचे! काही जण तेवढाही त्रास घ्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाला खरेदी करताना वर पट्टी दिसायची: आमच्या तिजोरीला कुलूप नाही. २०११ च्या जुलैमध्ये ओएसकॉमर्सच्या जुन्या आवृत्तीतली भोकं वापरून जगभरच्या लाखो पानांत घातक मजकूर घुसवला गेला होता, तेव्हा निदान त्यातल्या काही दुकानदारांना तरी ती पट्टी आठवली असेल.

हा सल्ला देणारा अडाणी नसतो, हे लक्षात घ्या. त्याला कळतं. पण त्याला फोन लवकर संपवायचा असतो. बरोबर उत्तर द्यायला दहा मिनिटं लागतात, ७७७ ला अर्धं मिनिट. साडेनऊ मिनिटं त्याची वाचतात, आणि किंमत खापरच्या बाया भरतात. माझा राग या व्यवहारावर आहे.

आणि तो सल्ला आपल्या जिल्ह्यात दिला जावा याचं मला जास्त वाईट वाटतं. कोऱ्या कागदावर अंगठा म्हणजे काय हे आपल्या भागाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. कर्जापोटी, उधारीपोटी, "फक्त इथे अंगठा दे, बाकी मी बघतो" म्हणत आदिवासींच्या जमिनी गेल्या. १९७२ साली शहाद्याच्या बाजूला त्या जमिनींसाठी चळवळ उभी राहिली, अंबरसिंग महाराजांचं नाव आजही लोक घेतात. १९७४ साली महाराष्ट्रात अशा जमिनी परत करण्याचा कायदा झाला. आज आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या नावे करायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर मंजुरी लागते. का? कारण अंगठ्याच्या एका ठशाने काय होतं ते आपण पाहिलं होतं. 'इतर' रकान्यात कुणाचं नाव चढतंय याकडे डोळ्यात तेल घालून बघायचं असतं, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे. आणि त्यांच्याच नातवाला कुणीतरी फोनवर सांगतं की इतरांना सात देऊन टाक, बाकी आम्ही बघतो!

दोन्हींची तुलना करतोय म्हणून कुणी रागावू नका. जमीन ती जमीन, फाईल ती फाईल, दुःख सारखं नाही हे मलाही कळतं. पण बोलण्याची ढब तीच आहे. "तुला कळणार नाही, तू फक्त सही कर."

आता तुमचे आक्षेप. काही मला आधीच फोनवर ऐकवून झालेत.

पहिला: "अरे, बसवण्यापुरतं ७७७ द्यायचं, मग परत बदलायचं." तत्त्वतः ठीक. पण खरं सांगा, तात्पुरता बांधलेला मांडव कुणी काढलेला पाहिलाय? दुकान चालू झालं की आनंदात कुणी मागे वळून बघत नाही. शिवाय चित्रांचं फोल्डर, तात्पुरत्या साठ्याचं फोल्डर, ही कायमच लिहिण्याजोगी लागतात. ती "मग बदलू" मध्ये बसतच नाहीत, आणि भाच्याचं चित्र नेमकं तिथेच बदललं गेलं.

दुसरा: "आपलं दुकान ते केवढं, आपल्याकडे कोण येतंय?" माणूस येत नाही, बरोबर. यंत्र येतं. ते एकेक दार ढकलत जातं, उघडं मिळालं की शिरतं. त्याला आमचूर आणि सोनं यातला फरक कळत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या एका ब्लॉगर मित्राचा, आणि तो वजनदार आहे. तो म्हणतो, "७७७ ने चोरी होत नाही, जुनं, न सुधारलेलं सॉफ्टवेअर ठेवल्याने होते. यंत्रावर पाय ठेवायला आधी कुठलं तरी भोक लागतंच." मान्य. नुसत्या ७७७ मुळे बाहेरचा माणूस जालावरून येऊन फाईल बदलू शकत नाही, त्याला आत पाय रोवायला जागा लागते. पण मित्रा, भोक तर कधी ना कधी पडतंच. त्या भोकातून उंदीर येतो की हत्ती, ते हक्कांवर ठरतं. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या तिकीट विकणाऱ्या पानांवरच्या एका फाईलमध्ये चोरांनी बावीस ओळी घुसवल्या आणि लाखो प्रवाशांच्या कार्डांची माहिती गोळा केली. २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड झाला. तिथे आत शिरायची वाट वेगळी होती, ७७७ ची नव्हती. पण धडा तोच: ज्याला तुमच्या पानाची फाईल बदलता येते, त्याला तुमचा गल्ला मिळाला. एवढ्या मोठ्या कंपनीत हे होण्यासाठी चोरांना कष्ट पडले. आम्ही तो हक्क फुकट वाटला.

चौथा आक्षेप ताईच्या दिरांचा: "हे असले उद्योग करण्यापेक्षा मोठ्या कंपनीच्या दुकानात माल ठेवा ना." ठेवा, जरूर ठेवा. पण तिथे मालक ते, आपण 'इतर'. ते ठरवतील तो भाव, ते ठरवतील तो हिस्सा. व्यापाऱ्याच्या ओट्यावरून उठून दुसऱ्या व्यापाऱ्याच्या ओट्यावर बसण्यासारखं आहे ते. पोराने स्वतःच्या नावाचं दुकान काढलं यात मला त्याचा अभिमान वाटतो. त्याला मागे ढकलून नका, कुलूप लावायला शिकवा.

तर कुलूप कसं लावायचं? ज्यांना उपयोग आहे त्यांच्यासाठी लिहितो, बाकीच्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारा.

होस्टिंग घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: "माझी पीएचपी कुणाच्या नावाने चालते?" उत्तर "तुमच्या खात्याच्या नावाने" असं आलं (हे हल्ली पीएचपी-एफपीएमने सहज होतं, पूर्वी सूएक्झेक वगैरेने व्हायचं), तर ७७७ ची गरजच उरत नाही. लिहिणारा मालकच असतो. फोल्डर ७५५, फाईली ६४४, काम झालं. गंमत म्हणजे सूएक्झेकसारख्या व्यवस्थेत ७७७ दिलं तर दुकान उलट बंद पडतं, ५०० क्रमांकाची चूक येते, कारण इतरांना बदलता येईल अशी स्क्रिप्ट चालवायला ती व्यवस्था साफ नकार देते. उत्तर "माहीत नाही" असं आलं, तर दुसरं दुकान बघा. आणि यंत्र तुमचं स्वतःचं असेल तर फाईलींचे मालक तुम्ही राहा, गट वेब सर्व्हरचा करा, आणि जिथे लिहावं लागतं तेवढ्याच फोल्डरांना ७७५ द्या. तेवढ्याच! ओपनकार्टमध्ये चित्रांचं फोल्डर आणि साठ्याचं फोल्डर, आणि बसवताना मांडणीच्या दोन फाईली, बस्स. तो साठ्याचा फोल्डरही जालावरून दिसणाऱ्या जागेच्या बाहेर हलवा. बसवून झालं की मांडणीच्या दोन्ही फाईलींमधला लिहायचा हक्क काढा. त्यात तुमच्या विदागाराचा पासवर्ड उघड्या अक्षरात असतो, म्हणून पीएचपी तुमच्या नावाने चालत असेल तर इतरांचा वाचायचा हक्कही काढा, ४०० करा. 'इन्स्टॉल' नावाचं फोल्डर पुसून टाका. रेड हॅटच्या वंशातल्या सर्व्हरवर ७७७ देऊनही लिहिता येत नसेल, तर तिथे एसईलिनक्स नावाचा दुसरा पहारेकरी असतो. त्याला घरी पाठवू नका, त्या फोल्डरला त्याला समजेल अशी चिठ्ठी लावा. पैसे भरायच्या क्यूआर कोडखाली खातेदाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, "हेच नाव दिसलं तरच पैसे पाठवा" असं. वहिनींना नाव ओळखता आलं म्हणून आपण एकोणीस दिवसांवर थांबलो. ते लिहिलेलं असतं तर पहिल्याच गिऱ्हाइकाने फोन केला असता.

दहा मिनिटांचं काम आहे. मी घड्याळ लावून केलं, नऊ मिनिटं लागली.

जाता जाता एक गोष्ट. २९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले ते आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात. 'मी कोण' याची संगणकातली नोंद देशात सगळ्यात आधी नंदुरबारच्या माणसांना मिळाली. 'माझ्या वस्तूवर कुणाचा किती हक्क' हे मात्र अजून आपल्याला कुणी नीट शिकवत नाही. बोटाचा ठसा द्यायला शिकलो, तो कुठे द्यायचा नाही हे शिकायचं राहिलं. ती शिकवणी सरकार घेईल, कंपनी घेईल, याची वाट बघण्यात अर्थ नाही. ज्या घरात एखाद्याला हे कळतं त्याने घरातल्या पोरांना शिकवावं. "अडलं तर फोन कर" म्हणून मोकळं होऊ नये. हे मी सगळ्यात आधी स्वतःला बजावतोय.

मी दसऱ्याला खापरला गेलो होतो. गटाच्या बायांना भेटलो. भाच्याने त्यांना सगळं खरं सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. ताईने ओटीवर चहा दिला. एक आजी सगळं ऐकून घेत होत्या, शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे आपण दार उघडं ठेवलं होतं का?" मी म्हटलं, हो आजी. "कोणी सांगितलं होतं ठेवायला?" मी म्हटलं, ज्याच्याकडून कुलूप विकत घेतलं त्यानेच. आजी हसल्या नाहीत. "मग आता किल्ली कोणाकडे आहे?" मी भाच्याकडे बोट दाखवलं. "एकट्याकडे?" एकट्याकडे. आजींनी मान हलवली आणि कैऱ्यांच्या पुढच्या हंगामाचं बोलायला लागल्या.

चौदा हजारांतले नऊ मी आणि भाच्याने मिळून भरले. बाकीचे गटाने "पुढच्या मालात बघू" म्हणून सोडले. दुकान चालू आहे.

असो. ब्लॉगर मंडळी, तुमच्यापैकी ज्यांनी कधी काळी कुणाला "७७७ देऊन टाक" असं सांगितलं असेल (मीही सांगितलंय, २००६ साली, दोनदा), त्यांनी आज त्या माणसाला फोन करा. नंबर सापडत नसेल तर शोधा. मी एकाला केला. दुसरा अजून सापडलेला नाही.

ता. क. : वहिनी, तुमचं दोन किलो आमचूर पाठवलंय. पैसे पाठवताना नाव बघून पाठवा. :-)